तीन टिश्यूंचा चोर

क्रूझचं चेक-इन दुपारी तीनला, आणि हॉटेलवाल्यांनी सकाळी अकरालाच बाहेर काढलेलं. मधल्या चार तासांत सिंगापूर बघून घ्यायचं असं बायकोनं ठरवलं. विषुववृत्त इथून जेमतेम १३७ किलोमीटरवर, आणि त्या दिवशी ते माझ्या बनियनमधून जात होतं. मरलायन बघितला. सत्तर टनांचा, धड माशाचं, तोंड सिंहाचं, १९७२ पासून पाणी ओकतोय. त्याच्या तोंडचं पाणी आपल्या तोंडात पडतंय असा फोटो काढायला रांग होती. आम्हीही काढला. पाणी माझ्या कानात पडतंय असा आलाय.

सव्वाबाराला चायनाटाउनजवळच्या एका हॉकर सेंटरला पोचलो. चारी बाजूंनी उघडा मोठा मंडप, वर गरगरणारे पंखे, कडेनं ओळीनं टपऱ्या आणि गळ्यात आयकार्डं अडकवलेली अख्खी ऑफिसं जेवायला लोटलेली. "मी व्हेज काय मिळतं बघते, तुम्ही जागा धरा," असं म्हणून बायको गर्दीत शिरली.

जागा धरणं हा माझा प्रांत. स्वारगेटला एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकण्यात उभी जवानी गेली. एकदा रुमाल नव्हता तर चप्पल टाकली होती आणि कऱ्हाडपर्यंत एका पायावर मानानं बसून गेलो होतो. त्यामुळे त्या गर्दीत चार खुर्च्यांचं रिकामं टेबल दिसल्यावर मला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. अनुभव म्हणतात तो हाच.

टेबलावर टिश्यूचं एक पाकीट पडलेलं. कुणीतरी विसरलं असणार. एका टिश्यूनं कपाळ पुसलं, दुसऱ्यानं मान, तिसऱ्यानं चष्मा. उरलेलं पाकीट शर्टाच्या खिशात.

तेवढ्यात ट्रे घेऊन एक आजीबाई आल्या. पंचाहत्तरीच्या तरी असतील. फुलाफुलांचा ब्लाउज, वाटीभर सूप, त्यात पोहणारे माशाचे गोळे. त्यांनी टेबलाकडे बघितलं, टेबलाखाली बघितलं, मग माझ्याकडे.

"अंकल, माय टिश्यू वेअर?"

मी अठ्ठावन्नचा. इथं अंकल म्हणजे आदर, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त लागलं.

"व्हॉट टिश्यू?" मी. खिशातून पाकिटाचा निळा कोपरा बाहेर डोकावत होता.

बाईंनी ट्रे ठेवला, दोन बोटं पुढे केली आणि मेलेली पाल उचलावी तसं पाकीट माझ्या खिशातून काढलं. "आय चोप ऑलरेडी!" चोप म्हणजे जागा धरणं. इथं टेबलावर टिश्यू ठेवला की टेबल तुमचं. मग त्या शांतपणे टिश्यू मोजायला लागल्या. सात.

"यू टेक थ्री."

"स्वेटिंग," मी म्हणालो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "या लाह. व्हाय यू सो वेट?"

शेजारच्या टेबलावरचे चौघे चॉपस्टिक हवेत थांबवून बघत होते. "सॉरी, टूरिस्ट, क्रूझ," असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यावर त्या म्हणाल्या, "क्रूझ फूड नॉट नाइस," आणि सूप प्यायला बसल्या. बायको दोन ट्रे सांभाळत आली ती नेमकी इथं. "अहो, तुम्ही त्यांचे टिश्यू चोरलेत?"

मग आम्ही खांबाला टेकून उभ्यानं नूडल्स खाल्ले. ट्रे आठवणीनं परत नेऊन ठेवले, कारण नाही ठेवले तर त्यालाही दंड आहे.

मला राग टिश्यूचा नाही. मला राग याचा आहे की रुमाल आम्ही टाकला तर अडाणी, वर "रुमाल कुणाचा?" म्हणून भांडणं, आणि रुमालामागोमाग कोपरं मारत आत शिरावं लागतं ते वेगळंच. यांचं कागदी पाकीट मात्र गर्दीत एकटं पडून राहतं आणि कुणी हात लावत नाही. काही टेबलांवर तर नुसती आयकार्डं ठेवलेली. स्वारगेटला आयकार्ड ठेवून बघा, संध्याकाळपर्यंत तुमच्या नावावर कर्ज निघेल. आणि यांच्या या हॉकर सेंटरांची संस्कृती युनेस्कोनं २०२० साली वारशाच्या यादीत घातली. आमच्या रुमालाला कोण विचारतंय! बरं, हात लावणारा एकच निघाला, तोही नेमका आपला, हे बायकोनं बोटीवर चढेपर्यंत तीनदा सांगितलं.

रात्री बोटीवर जेवायला बसलो. टेबलावर नागपूरचं एक जोडपं आणि सुरतेचे दोघे. सूप यायच्या आत त्या सगळ्यांना पाकिटाची गोष्ट सांगून झाली होती, सात या आकड्यासकट. वेटरनं अदबीनं माझ्या मांडीवर घडीचा नॅपकिन पसरला.

"विचारून घ्या हो," बायको म्हणाली, "कुणाचा आहे ते."