गावकऱ्याला वाट सांगता आली पाहिजे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ओपन वर्ल्ड, म्हणजे मनाला येईल तिकडे फिरू देणाऱ्या, फँटसी गेममध्ये माणूस कशाने रमतो, यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि सडेतोड लिहिलंत. खाली दोन ओळींत आभार मानून मोकळं व्हावं अशी ती प्रतिक्रिया नाही, म्हणून स्वतंत्र उत्तर लिहितो आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा असा : क्वेस्ट मार्कर (कामगिरीची, म्हणजे क्वेस्टची, जागा दाखवणारा बाण किंवा ठिपका) आणि फास्ट ट्रॅव्हल (नकाशावर क्लिक करून क्षणात पोचणं) यांवरचा माझा राग ही रिकाम्या वेळेची चैन आहे, नोकरी करून, घरचं आवरून रात्री तासभर खेळणाऱ्याला रस्ता चुकणं परवडत नाही. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला लांबलचक इंग्रजी संवाद वाचून वाट शोधायला लावणं हा तर सरळ अन्याय आहे; स्क्रीनवर बाण आहे म्हणून तो खेळू तरी शकतो. शिवाय मी मॉरोविंड ही गेम आली त्या २००२ सालात अडकलो आहे, पुढचं इमर्शन (गेमच्या जगात गुंगून जाणं) ग्राफिक्स, व्हीआर आणि एआयवर बोलणारी पात्रंच आणणार. आणि शेवटी तुमचा प्रश्न : विचर ३ ही गेम आत्ताच सुरू केली आहे, तर त्यात नेमकं काय बंद करू?

आधी माझं म्हणणं पुन्हा एकदा नीट मांडतो. खेळाडूला उपाशी ठेवा, थंडीने कुडकुडायला लावा, दर दहा मिनिटांनी पाणी पाजा, म्हणजे जग खरं वाटेल, या मताचा मी नाही. गैरसोयीतून माणूस गुंगत नाही. मला हवं आहे ते एवढंच की मला जे कळायला हवं, ते त्या जगातल्या माणसांकडून, रस्त्यांवरून, वस्तूंवरून कळावं. स्क्रीनच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवरून कळलं की त्या जगाला माझ्याशी बोलायचं कारणच उरत नाही. बाणाशी माझं भांडण आहे ते यावरून.

मॉरोविंडमधली एक छोटी क्वेस्ट जवळून पाहू. सुरुवातीचं गाव सेडा नीन : दलदलीच्या काठाला मूठभर घरं, एक दुकान-कम-सराई आणि एक दीपगृह. सराईच्या माडीवर ह्रिस्कर नावाचा शिपाई बसलेला असतो. गावातल्या फारगॉथने पैसे कुठेतरी दडवून ठेवलेत, ते शोधून दे म्हणतो, आणि युक्तीही तोच सांगतो : रात्री दीपगृहावर चढ आणि वरून नजर ठेव. बस, एवढंच. तुम्ही वर जाता, अंधाराची वाट पाहता. मग खाली फारगॉथ दबक्या पावलांनी बाहेर पडतो, इकडे तिकडे घुटमळतो आणि पाणथळीतल्या एका तुटक्या बुंध्यापाशी जातो. तो निघून गेला की तुम्ही खाली उतरायचं आणि बुंध्याची पोकळी चाचपायची.

यात वाचायचं किती? चार-दोन वाक्यं. बाकी सगळं काम डोळ्यांचं. दीपगृह उंच आहे याला अर्थ आला, रात्र होते याला अर्थ आला, गावाला लागून पाणथळ आहे यालाही. आता हीच क्वेस्ट बाणासकट डोळ्यांपुढे आणा. बुंध्यावर ठिपका उमटला, तुम्ही भर दुपारी सरळ गेलात आणि पैसे काढून घेतलेत. दोन मिनिटं वाचली. दीपगृह, रात्र आणि फारगॉथ, तिन्ही फुकट गेले.

त्याच गावाबाहेर थोडं चालत गेलात की आभाळातून किंचाळत एक जादूगार खाली आदळतो आणि जागीच मरतो. त्याच्यापाशी मंत्र लिहिलेली तीन स्क्रोल सापडतात. ती वापरली तर तुमची उडी ढगांपर्यंत जाते, आणि मंत्राचा असर सात सेकंदांत संपत असल्याने उतरायची तजवीज केली नसेल तर तुमचंही त्याच्यासारखंच होतं. ‘सावधान’ अशी चौकट कुठेही येत नाही. समोर पडलेलं प्रेत हीच सूचना.

म्हणून तुमचा मराठी शाळेचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तो माझ्याच बाजूचा आहे असं मी म्हणेन. या लेखात मी ज्या गेमची नावं घेतो आहे त्यांपैकी एकातही मराठी निवडायची सोय नाही. बाण काढून त्याजागी दोनशे शब्दांचा इंग्रजी परिच्छेद ठेवला तर तो अन्यायच, यात वाद नाही. पण बाणामागे धावणाऱ्या त्या मुलाला आज काय मिळतं? त्याला कुणी पाठवलं, कशासाठी पाठवलं, समोरच्याला का मारायचं, यातलं काही कळत नाही, कारण कळायची गरजच ठेवलेली नाही. तो गेम पुरी करतो आणि गोष्ट त्याच्या वाट्याला येतच नाही. त्याला खरा आधार देतील ते धूर, पूल, पायवाट, रात्रीचा दिवा, बोट दाखवणारा माणूस. ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये (२०१७) टेकडीवर उभं राहिलं की हात न लागलेली श्राइन नावाची छोटी देवळं लांबून नारिंगी उजळलेली दिसतात, पूर्ण झालेली निळी. दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघून नकाशावर खूण तुम्हीच टोचायची. पाऊस आला की कडा निसरडा होतो, हात सुटतो, आणि पाऊस थांबेपर्यंत कपारीत बसायचं हे दोन-तीनदा घसरल्यावर कुणीही न सांगता समजतं.

गॉथिक (२००१) या जर्मन गेमचं उदाहरण तर मी कुणालाही थांबवून सांगतो. सुरुवातीला नायकाला तलवार चालवता येत नाही, आणि हे त्याच्याकडे बघूनच कळतं : एकहाती तलवार तो दोन्ही हातांनी धरतो, वार अडखळत करतो. छावणीतल्या उस्तादाकडे शिकून आलात की पकड बदलते, उभं राहणं बदलतं, एका वारातून दुसरा वार सहज निघतो. कौशल्य वाढलं हे आकड्यात वाचावं लागत नाही, नायकाच्या अंगात दिसतं. कुणाच्या झोपडीत न विचारता शिरलात तर घरमालक आधी दम देतो, ऐकलं नाही तर हत्यार उपसतो. नकाशा हवा तर तो मिळवावा लागतो. पिरान्हा बाइट्स हा त्या काळचा छोटा स्टुडिओ. त्यांच्यापाशी पैसा नव्हता, पण आपलं जग खेळाडूकडे बघतंय याची काळजी त्यांनी घेतली होती.

आणि किंगडम कम : डिलिव्हरन्स. ही फँटसी नाही, १४०३ सालचं बोहेमिया आहे, तरी इथे आणतो. नायक हेन्री निरक्षर आहे. पुस्तक उघडलं तर अक्षरं उलटसुलट झालेली दिसतात. उझित्स गावातल्या लेखनिकाकडे धडे घेतल्यावर ती हळूहळू जागेवर यायला लागतात. म्हणजे इंग्रजी फाडफाड वाचणारा खेळाडूही त्या पानापुढे तुम्ही म्हणता त्या मुलाइतकाच अडाणी ठरतो. वाचता येणं ही काय चीज आहे, हे मला दुसऱ्या कुठल्याही गेमने असं जाणवून दिलेलं नाही.

तुम्ही लिहिलंत की ‘बाण नको असेल तर सेटिंगमध्ये बंद करा, आम्हाला का उपदेश?’ बंद करून भागत नाही, अडचण तीच आहे. स्कायरिम (२०११) घ्या. रिव्हरवुडच्या दुकानातून सोन्याचा पंजा चोरीला गेलेला असतो. दुकानदाराची बहीण कॅमिला तुमच्यासोबत गावातून चालत पुलापाशी येते आणि डोंगरातल्या ब्लीक फॉल्स बॅरो या जुन्या थडग्याकडे जायची वाट सांगते. पुढे त्याच थडग्यात फिरत्या कड्यांचं दार लागतं, त्याचं उत्तर पंजाच्याच तळव्यावर कोरलेलं : अस्वल, पतंग, घुबड. इन्व्हेंटरीत, म्हणजे आपल्याजवळच्या वस्तूंच्या यादीत, पंजा उलटून बघितला की झालं. किती सुंदर आखणी आहे ही! म्हणजे बेथेस्डाला (मॉरोविंड आणि स्कायरिम बनवणाऱ्या कंपनीला) हे उत्तम जमतं. पण त्याच गेममधल्या पुढच्या कितीतरी क्वेस्टमध्ये जर्नल (कामांची वही) ‘अमुक गुहेतून तमुक वस्तू आण’ एवढंच म्हणतं. गुहा कुठे आहे ते कुणी सांगत नाही, विचारायचीही सोय नाही. तिथे मार्कर बंद केला तर खेळाडू आंधळा होतो. बाण गृहीत धरूनच ते जग लिहिलेलं आहे.

असं का झालं याचं एक मोठं कारण माझ्या मते आवाज. मॉरोविंडमधले बहुतेक संवाद छापील होते. त्याच मालिकेतल्या ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) सगळी पात्रं बोलू लागली. छापील वाक्यात ‘उत्तरेला’चं ‘पश्चिमेला’ करायला क्षण पुरतो. रेकॉर्ड झालेलं वाक्य बदलायचं तर कलाकाराला पुन्हा स्टुडिओत बोलवायला लागतं. बाणाला मानधन लागत नाही, आणि गुहा शेवटच्या आठवड्यात हलवली तरी तो बरोबर तिथेच वळतो.

तरी दोन्ही प्रकारच्या खेळाडूंची सोय करता येते. असॅसिन्स क्रीड ओडिसीने (२०१८) सुरुवातीलाच विचारलं : मार्गदर्शन हवं की शोध? शोध निवडला की ठिपका येत नाही. कुठल्या प्रदेशात, कशाच्या पूर्वेला, कशाच्या जवळ, असे धागे मिळतात. याला फार शब्द लागत नाहीत. आपल्याकडे गावात पत्ता विचारला तर ‘मारुतीच्या देवळावरून खाली उतरा, ओढा ओलांडला की उजव्या हाताला’ एवढ्यावर माणूस पोचतो. पण त्यासाठी देऊळ तिथे असायला हवं, लांबून ओळखू यायला हवं, आणि ओढा एकच हवा. वाट तोंडी सांगायची असं ठरवलं की नकाशा आखणाऱ्यालाही प्रत्येक वळणाचा विचार करावा लागतो. एकसारखे दिसणारे दहा डोंगर मग त्याला चालत नाहीत. मॉरोविंडमध्ये काही पत्ते घोळाचे आहेत हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण तो त्या-त्या पत्त्याच्या लिहिण्याचा दोष. तो दुरुस्त करता येतो.

आता तुमचा तासभर. फास्ट ट्रॅव्हलला माझा विरोध नाही, ते जगाच्या आतलं असावं एवढंच मागणं आहे. मॉरोविंडमध्ये प्रवासाची साधनं भरपूर आहेत : सिल्ट स्ट्रायडर नावाचे महाकाय किडे, ज्यांच्या कवचात कोरलेल्या जागेत बसून प्रवास होतो, होड्या, मेजेस गिल्डमध्ये पैसे घेऊन दुसऱ्या शहरात पाठवणारे मांत्रिक, खूण करून ठेवलेल्या जागी परत आणणारा मंत्र. सेडा नीनहून बाल्मोराला स्ट्रायडरने जायला पैसे मोजले की पडदा काळा होतो आणि तुम्ही पोचलेले असता. वेळ नकाशावर क्लिक करण्याइतकाच. फरक हा की कुठला स्ट्रायडर कुठे जातो, कुठे उतरून होडी धरायची, हे हळूहळू तोंडपाठ होतं आणि मॉरोविंडच्या बेटाचा भूगोल तुमचा होतो. ड्रॅगन्स डॉग्मा २ (२०२४) मध्ये बैलगाडी आहे. तिच्यात डुलकी काढली तर मुक्कामी जाग येते, कधी वाटेत हल्ला होऊन मध्येच येते. दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो यांनी गेम येण्याआधी म्हटलं होतं की प्रवास कंटाळवाणा वाटत असेल तर दोष गेमचा आहे. मला ते शंभर टक्के मान्य आहे.

एका बाबतीत मात्र मी संपूर्ण तुमच्या बाजूचा. सेव्ह करण्यावर बंधन नसावं. किंगडम कममध्ये सुरुवातीला बिछाना किंवा एक विशिष्ट दारू हाताशी असल्याखेरीज मनात येईल तेव्हा सेव्ह होत नसे. घरात लहान मूल उठलं, कामाचा फोन आला, तर खेळाडूने काय करायचं? पुढे त्यांनी सेव्ह करून बाहेर पडायची सोय दिली ते योग्यच झालं. खेळणाऱ्याच्या घरच्या वेळेवर गेमने हक्क सांगू नये.

ग्राफिक्स आणि एआयबद्दल थोडक्यात. ऑब्लिव्हियन त्याच्या काळात डोळे दिपवणारा होता. पण तुमची लेव्हल वाढली की रस्त्यावरचा साधा वाटमाऱ्याही काचेचं महागडं चिलखत घालून यायचा आणि शंभर नाणी मागायचा. ते चिलखत विकून त्याला घर घेता आलं असतं! दृश्य कितीही देखणं असलं तरी इथे विश्वास तुटतो. एआयवर बोलणाऱ्या लोहाराचंही तसंच. तो माझ्याशी कशावरही बोलेल, पण गावची पाणचक्की कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक नसेल तर तो नसलेली चक्की सांगेल आणि मी ती शोधत फिरेन. आधी चक्की हवी, तिच्याकडे जाणारा रस्ता हवा, लोहार तिथलं पीठ खातो हे ठरलेलं हवं. मग त्याला हवं तेवढं बोलू द्या, मी आनंदाने ऐकेन.

तर विचर ३. मिनीमॅप (स्क्रीनच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा) बंद करा, मोठा नकाशा राहू द्या. या गेममधले संवाद दर वेळी पत्ता सांगत नाहीत, त्यामुळे नकाशा उघडून दिशा बघून घ्यायची आणि मिटून टाकायचा. व्हेलेन या प्रदेशात घोड्यावर असताना रस्त्याला लागून दौडीचं बटण दाबून ठेवलंत की रोच ही तुमची घोडी स्वतःच वळणं घेते. तुम्हाला आजूबाजूला बघायला डोळे मोकळे मिळतात. फास्ट ट्रॅव्हल पाटीपाशी गेल्यावरच होतं, ते तसंच खुशाल वापरा. गावोगावच्या फलकांवरच्या राक्षस मारायच्या सुपाऱ्या मात्र सोडू नका, तासाभराच्या बैठकीला त्या अगदी बेताच्या आहेत : माणसाला भेटा, माग काढा, तयारी करा, लढा, पैसे घ्या. नकाशावरची प्रश्नचिन्हं फिल्टरमधून बंद करा, निदान स्केलिगे बेटांवर पोचाल तेव्हा तरी नक्की. तिथल्या समुद्रातली बहुतेक प्रश्नचिन्हं म्हणजे तस्करांनी टाकलेला माल आणि वर घिरट्या घालणाऱ्या सायरन नावाच्या पंखवाल्या राक्षसिणी. तुमचा रात्रीचा तास त्यांच्यावर घालवू नका.