रीमास्टरच्या नावाखाली डॉल्बी

परत रीमास्टर? म्हणजे जुन्याच अल्बमचा आवाज नव्यानं घासूनपुसून पुन्हा बाजारात! अरे, किती वेळा? 25 वर्षं झाली, काढा. 40 झाली, काढा. 50 झाली, पुन्हा काढा! आणि दर वेळी आवाज आधीपेक्षा मोठा.

1971 सालच्या या अल्बमची रेकॉर्ड मामा मंगळवार पेठेतल्या घरात लावायचे, तेव्हा सुरुवातीची गिटार ऐकायला पंखा बंद करावा लागायचा. आम्ही श्वास धरून बसायचो. मग ड्रम्स यायचे, थेट छातीवर!

काल रंकाळ्यावर हेडफोन लावून त्याच अल्बमचा नवा रीमास्टर ऐकला. पहिल्याच सेकंदाला गिटार कानात किंचाळली. ड्रम्स कधी आले, कळलंच नाही. कळणार कसं? हळू होतं ते ओढून वर आणलंय, मोठं होतं त्याचं डोकं लिमिटरनं, म्हणजे आवाज ठरावीक पातळीवर अडवणाऱ्या साधनानं, छाटलंय. सगळं सपाट. मिरवणुकीतला डॉल्बी बरा, तो निदान पुढच्या चौकात तरी जातो!

सीडीत तब्बल 96 डेसिबलची रेंज, म्हणजे सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर, मावते; विनाइल रेकॉर्डपेक्षा कितीतरी जास्त. वापरतात किती? चिमूटभर. 2008 साली मेटॅलिका बँडच्या 'डेथ मॅग्नेटिक' अल्बमचा आवाज असाच चेपला म्हणून चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली होती, तरी हेच. आता तर बरीच स्ट्रीमिंग ॲप्स सगळ्या गाण्यांचा आवाज स्वतःच एका पातळीवर आणतात. मग गाणं चेपून मिळवलं काय?

वर ॲपवरून अल्बमची जुनी आवृत्तीच गायब. शोधून शोधून बोटं दुखली.

मामांना फोन केलाय. रविवारी येतोय, रेकॉर्ड काढून ठेवा म्हटलं.