प्लास्टर कधी?

रविवारी सकाळी दार उघडलं तर पायरीवर सिमेंटची अर्धी गोणी. तोंड सुतळीनं नीट बांधलेलं. समोरच्या ओट्यावरून आप्पांनी हात वर केला, "आमच्या संडासाच्या कामातली उरली होती भाऊ. तुमच्या कामी येईल. पैशाचं बघू नका."

आमचं घर बांधून झालंय. वास्तुशांत झाली, भरीत-पुरीच्या पंगती उठल्या, घरपट्टीही सुरू झाली. बाहेरच्या विटा उघड्या ठेवल्यात त्या मुद्दाम. आत मागच्या खोलीला मातीचा गिलावा आणि त्यावर चुना, खाली शहाबादी फरशी, आणि दारं-चौकटींना आजोबांच्या पडक्या घरातलं सागवान. हे सगळं पुण्याच्या एका मासिकात छापून आलं असतं तर लोकांनी त्याला 'निसर्गस्नेही' म्हटलं असतं. जळगावात त्याला 'अर्धवट' म्हणतात.

दूधवाला विचारतो, प्लास्टर कधी? गॅसवाला विचारतो. मेहुणा तर विचारतसुद्धा नाही, नुसता सुस्कारा टाकतो आणि बायकोच्या हातात पाकीट ठेवायला बघतो. पण हे सगळे हौशी. आप्पांची गोष्ट वेगळी.

आप्पा एसटीत कंट्रोलर होते, मूळ पारोळ्याकडचे. निवृत्त होऊन जमाना झाला, पण आवाज अजून फलाट क्रमांक सांगायचाच आहे. काळजी वाटली की मराठी सुटतं आणि अहिराणी सुरू होते. गोणीच्या आधी, शनिवारी संध्याकाळी ते फाटकाशी आले होते.

"भाऊ, एक बोलू? राग नका धरू."

हे वाक्य कानावर आलं की चहा टाकायला सांगावा.

"बोला आप्पा."

"पैसा सरी ग्यात का?"

मी म्हटलं, पैसे संपलेले नाहीत, डिझाइनच तसं आहे.

आप्पांनी डोळे मिटून मान हलवली. "आम्हीबी घर असंच ठेयेल व्हतं नव्वद साली. लोकेसले काय सांगानं? तवय हाऊ डिझाइन शब्द नव्हता, नहीतर आम्हीबी सांगतूत."

मी त्यांना भिंतीपाशी नेलं. विटा बघा, खणखणीत भाजलेल्या. विटांमधल्या दरजा बघा, कशा एका रेषेत भरल्यात. ह्यावर कशाला झाकण घालायचं? आप्पांनी बोटातली अंगठी भिंतीवर टकटक वाजवली, बाजारात कलिंगड घेताना वाजवतात तशी. एकदा खाली वाजवली, एकदा वर. मग कान लावला. मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मलाच क्षणभर भिंतीबद्दल शंका आली.

"भाऊ, पोकळ शे."

"हो, पोकळच आहे."

"मिस्तरीनी फसाडं तुमले!"

आता हे समजावून सांगायचं म्हणजे उभ्या उभ्या शाळा घ्यायची. विटा पालथ्या न ठेवता काठावर उभ्या रचल्या, की भिंतीच्या पोटात पोकळी राहते. विटा साधारण पाव हिश्शानं कमी लागतात आणि बाहेरचं ऊन आत यायला वेळ लागतो, कारण मधली हवा त्याला अडवते. लॉरी बेकर नावाचा माणूस, जन्मानं इंग्रज, 1917 चा, केरळात आयुष्यभर अशीच घरं बांधत राहिला. तिरुअनंतपुरमला त्यानं अख्खी संस्था बांधली, सरकारनं 1990 मध्ये पद्मश्री दिली. गांधीजींनी त्याला सांगितलं होतं म्हणे, घराचं सामान पाच मैलांच्या आत मिळेल तेच वापरावं. मी हे सगळं भक्तिभावानं सांगितलं. आप्पांनी तेवढ्याच शांतपणे ऐकलं.

"इंग्रज व्हता?"

"हो."

"मंग बरोबर. पहिले राज्य करी ग्यात, आते भिती पोकळ करी ग्यात."

मी शेवटचं अस्त्र काढलं. म्हटलं, आप्पा, आपल्या एरंडोल तालुक्यातले फरकांड्याचे झुलते मनोरे आठवा. विटा आणि चुना. सिमेंटचा कणही नाही. किती पिढ्या उभे राहिले!

"दोन व्हतात ना?"

"हो."

"एक पडी ग्या."

ह्यावर काय बोलणार? चहा आला. आप्पांनी बशीत ओतून घेतला आणि जिन्याशेजारच्या विटांच्या जाळीकडे मोर्चा वळवला. ती जाळी उजेडासाठी आणि वाऱ्यासाठी आहे. दुपारी चारच्या सुमाराला तिच्यातून उन्हाचे तुकडे फरशीवर पडतात आणि दर पाच मिनिटांनी इंचाइंचानं सरकतात, ते बघत मी ऑफिसची कामं टाळतो. आप्पांनी एका भोकात तर्जनी घातली, फिरवली, काढली आणि बोटाकडे पाहिलं.

"ह्या राही ग्यात भराच्या."

मी बोललो नाही. सोमवारी सकाळी बघतो तर खालच्या रांगेतल्या सगळ्या भोकांत कागदाचे बोळे. एक उलगडला तर त्यावर सराफ बाजारातला सोन्याचा भाव. आप्पा ओट्यावरून म्हणाले, "पाखरं घुसतात भाऊ." आता हे त्यांनी रात्री केलं की पहाटे, टॉर्च कोणी धरला, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

पण खरं लागलं ते शनिवारी जाता जाता बोललेलं. फाटकाची कडी लावता लावता म्हणाले, "तुम्ही शिकेल मानसं. पन पोरीले पाव्हना बघाले ई, तवय काय दाखाडशात? ह्या भिती?" माझी मुलगी आठवीत आहे. तिचा सध्याचा एकमेव पाहुणा म्हणजे बीजगणित.

मी रागावलो ह्यात आप्पांचा दोष कमीच. त्यांनी जी मातीची घरं पाहिली, ती गरिबीचीच होती. आमचंही गावचं घर धाब्याचं. दोन-अडीच फूट जाडीच्या मातीच्या भिंती, वर सागाच्या कड्या, त्यावर फाट्या-तुराट्या आणि वर मातीचा थर. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली, झोके उतरले, की पावसाच्या आत धाब्यावर खारी माती टाकायची घाई. मधोमध सानं, म्हणजे उजेडाचं भोक, त्यातून उन्हाचा एक खांब सरळ माजघरात उतरायचा आणि त्यात धूर आणि धुळीचे कण नाचत असायचे. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत असताना आत घोंगडी टाकून झोपायचो. हे मी एकदा आईसमोर जरा भावुक होऊन बोललो. ती म्हणाली, "झोपायचास तू. सारवायचं कोण?" मग तिनं यादीच काढली. शेण आणणं, कालवणं, दर पोळा-दिवाळीला ओल्या जमिनीत उकिडवं बसून कंबर मोडेपर्यंत हात फिरवणं, भादव्यात गळणाऱ्या धाब्याखाली रात्रभर पातेली सरकवणं, भिंतीतली वाळवी, कडीवरचा साप. जाड भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्री ओकतात, म्हणून सगळं गाव उन्हाळ्यात धाब्यावरच झोपायचं, हेही तिनंच सांगितलं. आईपुढे लॉरी बेकरचं नाव काढायची सोय नाही.

आणि सरकार आप्पांच्याच बाजूचं. जनगणनेच्या कागदावर मातीची भिंत म्हणजे कच्ची भिंत. 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत वंचित कुटुंब ओळखायची एक खूणच होती: कच्च्या भिंती आणि कच्चं छप्पर असलेली एकच खोली. म्हणजे पिढ्यानपिढ्या लोकांना सांगितलं की माती सोडा, तर तुम्ही सुधारलात. लोकांनी सोडली. आता घरकुलात राहणारा माणूस चार-पाच इंची स्लॅबखाली बसतो. पारा 45 च्या पुढे गेला की तो स्लॅब दिवसभर तापतो आणि पहाटेपर्यंत निवत नाही. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, तर पाणी आठवड्यातून एकदा. पत्र्याखाली राहणाऱ्यांचं तर बोलायलाच नको. तिकडे कोकणात मातीच्या खोलीत एक रात्र काढायला हीच आपली माणसं हजारो रुपये मोजतात, भिंतीला गाल लावून फोटो काढतात आणि घरी आल्यावर मला विचारतात, प्लास्टर कधी?

चुन्याचं काम करणारा मिस्तरी शोधायचा तर तीन तालुके पालथे घालावे लागतात, आणि सापडला की तो सिमेंटवाल्यापेक्षा जास्त मजुरी सांगतो. बरोबरच आहे. चुना भिजवायचा, मुरवायचा, मळायचा, आणि लावल्यावरही तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढत सावकाश घट्ट होणार. सिमेंटला एवढा दम नाही. जगातल्या कार्बन उत्सर्जनातला सुमारे 8 टक्के वाटा त्याचा आहे, पण ते सकाळी लावलं की दुसऱ्या दिवशी कडक. लग्नसराईच्या आत घर उरकायचं असेल तर माणूस काय करेल?

उजेडाचीही तीच गत. मासिकांतल्या घरांना छतावर काचेचा मोठा चौकोन असतो, खाली झाड, झाडाखाली पुस्तक वाचणारी बाई. आमच्या नात्यातल्या एकाने भुसावळला हौसेनं तसं छत केलं. लंडनमध्ये भर उन्हाळ्यातही सूर्य 62 अंशांच्या वर चढत नाही, तिथे ती काच शोभते. आमच्याकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दुपार अशी येते की सूर्य नेमका डोक्यावर, माणसाला सावली नाही. ती दुपार त्या काचेखाली काढून बघा. आता त्यांनी काचेवर शेतातलं हिरवं शेडनेट ताणलंय, आणि खाली ट्यूबलाइट लावलीय. सुदैवानं आमची आर्किटेक्ट शहाणी. तिनं वर काच घेतली नाही, उत्तरेच्या भिंतीला छताजवळ उभ्या खिडक्या घेतल्या आणि वर हातभर छज्जा. उजेड येतो, ऊन येत नाही. पश्चिमेला खिडकीच नाही. त्यावरही आप्पांचं मत आहे, पण ते पुन्हा कधी.

मंगळवारी बँकेचा माणूस आला, कर्जाचा शेवटचा हप्ता सोडण्याआधी पाहणी करायला. तरुण, सभ्य पोरगा. हेल्मेट काढलं तर केसांतून घाम निथळत होता. मधल्या खोलीत बसला, आईनं गूळ-पाणी दिलं. इकडे तिकडे बघत म्हणाला, "थंड आहे हो घर. एसी कुठं बसवलाय?" मी म्हटलं, नाहीये. तो म्हणाला, "छान वाटतं बुवा." मग फॉर्म काढला. जोतं, हो. स्लॅब, हो. वीटकाम, हो. प्लास्टर.

"साहेब, प्लास्टरचा रकाना रिकामा सोडता येत नाही."

"मग 'लागू नाही' लिहा."

"तसा पर्यायच नाही. 'झालं' नाहीतर 'अपूर्ण'." त्यानं 'अपूर्ण'वर खूण केली. मग दयाळूपणानं म्हणाला, "समोरची एक भिंत करून घ्या ना. फोटोपुरती. पैसे आले की खरवडून टाका."

व्याज मात्र कापलं जातंय, त्याला पूर्ण-अपूर्ण काही नाही. संध्याकाळी मिस्तरीला फोन केला. म्हणाला, एका भिंतीसाठी माणसं येत नाहीत भाऊ, करायचं तर सगळं घर सांगा.