जोर ६४

कीबोर्ड म्हणजे वाजवायचा कीबोर्ड. हा खुलासा आधीच केलेला बरा, कारण मी तो केला नाही आणि त्यापायी माझी एक अख्खी संध्याकाळ वाया गेली. ‘जुना कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडला, काहीच होत नाही’ असं मी इंटरनेटवर शोधलं, तर जगभरातल्या कनवाळू माणसांनी मला नम लॉक दाबून बघायला सांगितलं. एकाचा सल्ला असा की कीबोर्ड उलटा धरून हलकेच आपटा, आतला कचरा पडेल. माझ्या कीबोर्डला ६१ पट्ट्या आहेत, दोन टोकांना दोन स्पीकर आहेत आणि तो माझ्या खांद्यापर्यंत येतो. उलटा धरून आपटला असता तर कचऱ्याआधी मी पडलो असतो.

मला खरं तर फार मोठं काही करायचं नव्हतं. कधीकाळी एक चाल बांधली होती, चाळीसेक सेकंदांची. तिला शब्द नाहीत, नाव नाही, पण ती माझी आहे. ती एकदाची नीट रेकॉर्ड व्हावी एवढीच इच्छा. बायकोचं मत पडलं की ही चाल तिने इतक्या वेळा ऐकली आहे की रेकॉर्डिंगची गरज नाही, लागेल तेव्हा तिच्या डोक्यातून काढून घ्यावी. मोबाइल समोर ठेवून मी एकदा प्रयत्न केला होता. त्यात चाल कमी आणि पंखा जास्त आला. मधूनमधून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची खटखट. कोणीतरी पंख्याखाली टायपिंग करत गुणगुणतंय असं वाटत होतं. म्हणजे नम लॉकवाल्यांचंही फारसं चुकलं नव्हतं.

तर कीबोर्ड कपाटावरून उतरवला. अडॅप्टर अर्थातच सापडला नाही. आमच्याकडे अनाथ अडॅप्टरांचा एक डबा आहे. ते ज्या यंत्रांचे होते ती यंत्रं कधीच निवर्तली, पण अडॅप्टर टाकवत नाहीत. त्यातला एक ९ व्होल्टचा निघाला, पिनही भोकात चपखल बसणारी. खुपसणार एवढ्यात कीबोर्डच्या पाठीवरचं बारीकसं चित्र दिसलं: मधे ठिपका, भोवती अर्धवर्तुळ, आणि ठिपक्याकडे जाणाऱ्या रेषेवर उणे. अडॅप्टरवरही तेच चित्र, फक्त ठिपक्याला अधिक. माप जुळलं, पत्रिका नाही. घातला असता तर रेकॉर्डिंगऐवजी धूर मिळाला असता. शेवटी दीड व्होल्टचे सहा सेल आणून घातले. ६ गुणिले दीड बरोबर ९, या संपूर्ण प्रकरणातलं मला पहिल्या फटक्यात जमलेलं हे एकमेव काम.

पाठीमागे दोन गोल भोकं होती. प्रत्येकात पाच बारीक छिद्रं अर्धवर्तुळात, वर लिहिलेलं ‘मिडी इन’ आणि ‘मिडी आऊट’. इतकी वर्षं ती भोकं सौंदर्यासाठी असावीत अशी माझी समजूत होती. मिडी म्हणजे वाद्यं एकमेकांना जोडायची ठरलेली पद्धत, आणि त्यासाठी केबल मिळते असं कळलं, मागवली. तिचं एक टोक यूएसबीचं, दुसऱ्या टोकाला दोन शेपट्या. एकीवर ‘इन’, दुसरीवर ‘आऊट’. कोणताही सरळमार्गी माणूस करेल तेच मी केलं. इनमध्ये इन, आऊटमध्ये आऊट.

काही नाही.

भाच्याला फोन लावला. भाचा या विषयातला जाणकार, म्हणजे त्याच्या खोलीत माझ्या खोलीपेक्षा जास्त वायरी आहेत.

“मामा, आऊट म्हणजे कुणाच्या दृष्टीने आऊट?”

प्रश्न इतका खोल होता की मी खाली बसलो.

“म्हणजे?”

“अरे, कीबोर्डमधून जे बाहेर येतं ते केबलच्या आत जाणार ना? मग कीबोर्डच्या आऊटमध्ये केबलचं इन.”

“मग सरळ तसं लिहायचं ना.”

“काही केबलवर तसंच लिहितात. म्हणजे ज्या भोकात घालायचं त्याचं नाव शेपटीवर. काहींवर उलट. तुझी कुठली आहे?”

माझी कुठली आहे हे केबलवर लिहिलेलं नव्हतं. दोन शेपट्या, दोन भोकं, शक्यता दोनच. मी त्या सात वेळा करून पाहिल्या. कारण कीबोर्ड टेबलावर भिंतीला टेकलेला, भोकं भिंतीकडे, आणि मी टेबलावर पोट टेकून, मोबाइलचा टॉर्च दातात धरून, न दिसणाऱ्या छिद्रांत पाच पिना एकाच वेळी घालू पाहणारा. गोल प्लग फिरवत राहायचा, खाच कुठेतरी लागते, लागली असं वाटतं, दाबायचं, नाही, पुन्हा फिरवायचा. यात गंमत अशी की त्या पाचांपैकी दोन पिनांना मिडीत कामच नाही. तीन राबतात आणि दोन नुसत्या हजेरीला. पण रांगेत वाकडी उभी राहून सगळ्यांचं काम अडवण्यात त्या दोघीच पुढे असणार असा मला दाट संशय आहे.

“अहो, भिंतीशी काय बोलताय?” बायको दारातून म्हणाली. मी टॉर्च दातात असल्यामुळे उत्तर दिलं नाही.

सातव्या खेपेला पट्टी दाबली तर केबलवरचा चिमुकला दिवा लुकलुकला. सोडली, पुन्हा लुकलुकला. मला भरून आलं. कान कॉम्प्युटरच्या स्पीकरपाशी नेला. आवाज मात्र नाही.

“मामा, त्या वायरीतून आवाज जातच नाही,” भाचा म्हणाला.

“मग काय जातं?”

“निरोप.”

ही गोष्ट मला कोणीतरी फार आधी सांगायला हवी होती. मिडीच्या तारेतून सूर वाहत नाहीत. जातं ते एवढंच: अमुक क्रमांकाची पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आता सोडली. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक, मधला ‘सी’ म्हणजे ६०. हे निरोप सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने धावतात. पलीकडे ते वाचून सूर काढणारं कोणी बसलेलं असेल तर संगीत, नाहीतर शांतता. म्हणजे इतका वेळ मी जीव तोडून हुकूम सोडत होतो आणि पलीकडे ऐकणारं कोणीच नव्हतं. हा अनुभव मला घरात नवा नाही, पण वायरीतून प्रथमच आला.

ही भानगड कोणी सुरू केली ते मात्र मी वाचून काढलं, आणि राग जरा शमला. त्याआधी प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी, एकीचं वाद्य दुसरीच्या वाद्याशी धड बोलत नसे. जानेवारी १९८३मध्ये अमेरिकेतल्या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात सीक्वेन्शियल कंपनीचा ‘प्रॉफेट-६००’ आणि रोलँडचा ‘ज्युपिटर-६’ असे दोन प्रतिस्पर्ध्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडले, एकावर वाजवलं आणि दुसऱ्यातून सूर आले. यामागचे दोघे, डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी, यांना तीस वर्षांनी, २०१३मध्ये, टेक्निकल ग्रॅमी मिळालं. प्रतिस्पर्धी कंपन्या एका प्लगवर एकमत झाल्या, तेही टिकून राहिलं! माझ्या अडॅप्टरांच्या डब्याकडे बघून यावर विश्वास बसत नाही.

असो. आता कॉम्प्युटरमध्ये सूर काढणारा हवा. भाच्याने एक फुकट सॉफ्टवेअर सुचवलं. ते उतरवणं, बसवणं, ‘इनपुट’च्या यादीत आपली केबल शोधणं यात दीड तास गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखी होती ती वाद्यांची यादी. जनरल मिडी नावाची एक १२८ वाद्यांची ठरलेली यादी आहे, १९९१पासूनची. सुरुवात अगदी खानदानी: पहिल्या क्रमांकावर ग्रँड पियानो, ४१वर व्हायोलिन, ७४वर बासरी. पण शेवटाकडे यादी करणाऱ्यांचा धीर सुटलेला दिसतो. १२४वर पक्ष्यांची किलबिल, १२५वर टेलिफोनची घंटा, १२६वर हेलिकॉप्टर, १२७वर टाळ्या आणि १२८वर बंदुकीची गोळी. टाळ्या आणि लगेच गोळी! कलाकाराचा जीवनक्रम याहून थोडक्यात मांडता येणार नाही.

मी माझी चाल हेलिकॉप्टरवर वाजवून पाहिली. हो, पाहिली. कोणीही पाहिली असती. टेलिफोनवर वाजवली तेव्हा बायको आतून उठून आली, मोबाइल उचलला, “हॅलो, हॅलो” केलं, ठेवला, आणि माझ्याकडे न बघता परत गेली.

मग शहाण्यासारखा पियानो निवडला. पट्टी दाबली. क्षणभर शांतता, मग सूर. दुसरी दाबली. शांतता, मग सूर. वरातीमागून घोडं! बोटं दुसऱ्या ओळीवर पोचली तरी कान पहिलीतच घुटमळत होते. त्यामुळे मी सुरासाठी थांबायचो, तर सूर माझ्यासाठी थांबायचा, आणि चाल हळूहळू शोकगीताकडे झुकायची. भाच्याने सांगितलं की हा बफरचा खेळ आहे. कॉम्प्युटर आवाजाचे नमुने साठवून एकदम सोडतो. हा साठा, म्हणजे बफर, १,०२४ नमुन्यांचा ठेवला तर सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने तिथेच २३ मिलिसेकंद गेले, आणि मी ठेवलेला आकडा याच्या कितीतरी पट होता. मी उत्साहाने तो एकदम तळाला नेला. सूर ताबडतोब यायला लागला, पण चरचरत, जणू पियानो कोणी तळायला घातला आहे. अखेर २५६वर तह झाला. जेमतेम ६ मिलिसेकंद. हवेतून दोन मीटरवरचा आवाज कानाशी यायला तेवढाच वेळ लागतो, म्हणजे तक्रारीला जागा नाही.

रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. पहिल्या ओळीत केबलला पाय लागला आणि ती निसटली. हात पट्टीवरून काढला तरी सूर चालूच. कॉम्प्युटरला पट्टी दाबल्याचा निरोप पोचला होता, सोडल्याचा वाटेतच राहिला होता. त्याच्या लेखी माझं बोट अजून तिथेच होतं आणि जन्मभर तिथेच राहणार होतं. मी ऑर्गन निवडलेला असल्यामुळे (पियानो निदान विरून तरी गेला असता, ऑर्गन का निवडला होता ते विचारू नका) तो एकच सूर घरभर, अखंड, कमी न होता पसरला. आतून हाक आली, “अहो, ते काय लागलंय, बंद करा!” मी कीबोर्ड बंद केला. सूर चालू. केबल काढली होतीच. भाच्याने फोनवरून, पाठीमागचा तो सूर ऐकतच, शांतपणे सांगितलं, “मामा, वर पॅनिक नावाचं बटण असेल.” खरंच होतं! बनवणाऱ्यांना माझी आधीच कल्पना होती तर.

तेराव्या प्रयत्नात चाल शेवटपर्यंत वाजली. पडद्यावर तिचं चित्र उमटलं: रंगीत पट्ट्यांची चढउतार, आणि खाली प्रत्येक सुराच्या जोराची एकेक उभी काडी. मी ते प्रेमाने बघत बसलो. मग लक्षात आलं की सगळ्या काड्या एकाच उंचीच्या आहेत. छाटलेल्या कुंपणासारख्या. एकीवर माउस नेला, ६४. शेजारची, ६४. शेवटची, ६४.

“तुझ्या कीबोर्डला जोर कळत नाही, मामा,” भाचा म्हणाला. “पट्टी दाबली की नाही एवढंच कळतं. अशा वेळी ठरल्याप्रमाणे ६४ पाठवायचं. मधला आकडा.”

त्या चालीला तिसरी ओळ आहे. तिथे मी डोळे मिटतो. खांदा किंचित खाली जातो, ओठ आत ओढले जातात, आणि मधल्या ‘ग’वर मी असं काही वजन टाकतो की ऐकणाऱ्याच्या काळजात कालवाकालव व्हावी. इतकी वर्षं टाकत आलो. ते ६४. त्यानंतर जो सूर मी जेमतेम स्पर्शाने, श्वास सोडावा तसा सोडतो, तोही ६४. मांजर चालत गेलं असतं तरी ६४. कला चौसष्ट असतात हे ऐकून होतो, पण माझी एकच आणि तीही चौसष्ट, हे त्या दिवशी समजलं.

“माउसने बदलता येतं की,” भाच्याने धीर दिला. “काडी वर ओढ.”

मग रात्री उशिरापर्यंत मी भावना ओढत बसलो. मधल्या ‘ग’ची व्याकुळता ९५ केली, फार वाटली, ८८वर आणली. त्यानंतरचा उसासा ४१. विरहाला ५२ ठेवून पाहिला, ऐकूच येईना, ५७ केला. भाच्याने सुचवल्यावर सगळे सूर तालात बसवणारं एक बटणही दाबून पाहिलं. क्षणात सगळे रेषेवर आले आणि माझी चाल रेल्वेच्या घोषणेआधी वाजणाऱ्या धूनसारखी झाली. ते मात्र लगेच रद्द केलं. माझे सूर उशिरा येतात ते माझे आहेत.

पहाटे फाइल तयार झाली. सकाळी बायकोच्या कानाला हेडफोन लावला आणि समोर उभा राहिलो. चाळीस सेकंद तिने खिडकीबाहेर बघत ऐकलं. तिसऱ्या ओळीला मी तिच्या चेहऱ्याकडे बारकाईने पाहिलं. मग तिने हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

“छान आहे.”

“छान म्हणजे?”

“छान.”

दोन्ही वेळा जोर बरोबर ६४.