आईचं ऑपरेशन झालं, आणि उत्तर काय तर अंगठा

आज डोकं फिरलंय माझं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याआधी शुगर वाढली म्हणून दोनदा तारीख पुढे गेली, घरात काय तारांबळ उडाली ते सगळं मी शाळेपासूनच्या मैत्रिणीला रात्री जागून लिहिलं. न्यू जर्सीला असते ती. आमच्या आईच्या हातची थालीपीठं खाऊन वाढलेली पोरगी! चौथ्या दिवशी उत्तर आलं, एक अंगठा. बस. "काकू कशा आहेत" एवढं विचारायला काय पैसे पडतात?

वर म्हणते, अगं टाइमच नाही मिळत, इकडचं लाइफ तुला नाही कळायचं.

नाही कळायचं? अगं त्याच न्यू जर्सीत, रोझेलला, आनंदीबाई जोशींच्या कार्पेंटर बाई राहायच्या. डेंटिस्टकडे नंबराची वाट बघत बसलेल्या असताना एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचं पत्र त्यांच्या वाचनात आलं, बायकोला शिकवायचंय म्हणून मदत मागणारं, आणि १८८० मध्ये त्यांनी आपणहून आनंदीला पत्र टाकलं. ओळख ना पाळख. आनंदी पंधरा वर्षांची, त्याच्या आधीच दहा दिवसांचं बाळ गमावून बसलेली. पत्र आगबोटीनं जायचं, महिना-दीड महिना जायला, तेवढाच उत्तर यायला, म्हणजे आज ताप आलाय लिहिलं तर "आता कसं वाटतंय" हे वाचायला दोन-तीन महिने! तरी दोघींनी लिहिणं सोडलं नाही. गोपाळराव पोस्टातच नोकरीला, सारख्या बदल्या, भूज काय, कलकत्ता काय, सेरामपूर काय, बिऱ्हाड हललं तरी पत्रं चालू. आनंदी त्यांना मावशी म्हणायची, मावशी!

कलकत्त्यात तिची तब्येत पार ढासळली, डोकं दुखायचं, ताप यायचा, धाप लागायची. हे कळल्यावर मावशींनी काय केलं? अमेरिकेहून औषधं पाठवली. गुण नाही आला ते वेगळं, पण त्या काळात बाटल्या बांधून सातासमुद्रापार धाडायच्या म्हणजे काय खटाटोप असेल, विचार करा जरा. आणि १८८३ च्या जूनमध्ये आनंदी न्यूयॉर्कला उतरली तेव्हा तिला घ्यायला याच बाई आल्या. तोवर दोघी एकदाही भेटलेल्या नव्हत्या!!

पुढे १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टर होऊन आली, आणि वर्षाच्या आतच फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेली, बावीससुद्धा पूर्ण नव्हती. तिची रक्षा मावशींकडे गेली. त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला आपल्या घरच्या माणसांच्या दफनभूमीत ठेवली. हे लिहितानासुद्धा माझा घसा दाटून येतोय.

आणि आमच्या बाईसाहेब! फुकटचा व्हिडिओ कॉल आहे, सेकंदात मेसेज जातो, दर वीकेंडला ब्रंचचे फोटो स्टेटसला, त्याला बरा टाइम मिळतो. गेल्या वर्षी तिच्या आजी गेल्या तेसुद्धा मला स्टेटसवरूनच कळलं, मी लगेच फोन केला तर उचलला नाही, दुसऱ्या दिवशी हात जोडलेला इमोजी. त्या आजींनी माझ्या वेण्या घातल्यात गं.

आई रोज विचारते, तिचा फोन आला का, तिला कळवलंस का. काय सांगू? परवा आईनं स्वतः माइक धरून तिच्यासाठी सहा मिनिटं बोलून ठेवलंय, गुडघा कसा वाकतो, वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत कशी गेले, तू कधी येतेस, सगळं. तीन दिवस झाले. तो माइक अजून निळा झालेला नाही.