परदेशातून : खानदेशातल्या मुलांना पोहायला कोण शिकवणार?

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या कुणी ‘आयर्नमॅन’ पूर्ण केला, की गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लगेच दोन तट पडतात. एका बाजूने अभिनंदनाचे संदेश, चौकातल्या फलकाची छायाचित्रे आणि सत्काराची निमंत्रणे येतात. दुसऱ्या बाजूने कुणीतरी विचारतो, की लाखालाखाच्या सायकली घेणाऱ्यांचे हे कौतुक आपण कशासाठी करायचे, केळीला भाव नसताना हे सुचते तरी कसे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटर धावणे एका दिवसात पार पाडणाऱ्याची जिद्द नाकारण्याचे काही कारण नाही. १९७८ साली हवाई बेटांवर पंधरा स्पर्धकांनिशी सुरू झालेली ही आयर्नमॅन शर्यत मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिकला पूर्ण केली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या डॉक्टर, पोलीस अधिकारी आणि उद्योजकांमध्ये तिची ओढ वाढत गेली, आणि २०१९ साली तिच्या अर्ध्या अंतराची शर्यत गोव्यातही झाली. खर्चाचा आक्षेपही खोटा नाही. सायकल, प्रवास आणि प्रवेशशुल्क यांची बेरीज केली तर अल्पभूधारक शेतकऱ्याच्या घरात हा विषय निघणारच नाही. मात्र दोन्ही तट एक गोष्ट न बोलता गृहीत धरतात, ती म्हणजे हा प्रश्न एकेका माणसाच्या पराक्रमाचा किंवा हौसेचा आहे. नेदरलँड्समध्ये राहून आणि इथे हौशी स्पर्धक म्हणून ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग तीन टप्प्यांच्या शर्यतीत, उतरून मला ते गृहीतच चुकीचे वाटू लागले आहे.

मी पूर्ण केलेली शर्यत आयर्नमॅन नव्हती. आइंडहोव्हनजवळच्या एका तळ्यावर होणारी ती ऑलिम्पिक अंतराची शर्यत होती: १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणे. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिम्पिकमध्ये ट्रायथलॉनचा समावेश झाला तो याच अंतरासाठी. तळ्याचे पाणी काळपट होते, इतके की पुढे टाकलेला हात कोपरापासून दिसेनासा होई. बांधीव तलावाच्या तळाशी असते तशी रेघ इथे नसते, टेकायला भिंत नसते. दर सात-आठ हातांनंतर मान वर काढून केशरी बोया, म्हणजे मार्ग दाखवणारी तरंगती खूण, कुठे आहे ते पाहायचे आणि पुन्हा पाण्यात तोंड घालायचे. पहिल्या बोयाला सगळेच जवळून वळसा घालतात. तिथे कुणाची तरी टाच माझ्या पोहण्याच्या चष्म्यावर बसली, पाणी नाकात गेले आणि श्वास लागेना. मी हात वर केला. पिवळ्या कयाकमधली, म्हणजे छोट्या निमुळत्या होडीतली, पांढऱ्या केसांची स्वयंसेविका दोन वल्ह्यांत जवळ आली आणि शांतपणे म्हणाली, “धरून ठेवा. घाई नाही.” नियम असा आहे, की दमलेल्या स्पर्धकाला कयाक धरून थांबता येते, तिच्या आधाराने पुढे मात्र सरकता येत नाही. मी तिथे थांबून श्वास घेतला, चष्मा नीट बसवला आणि निघालो. त्यामुळे मी बाद झालो नाही, कुणी मला मागे खेचले नाही आणि ‘जमत नाही तर आलात कशाला’ असेही कुणी म्हटले नाही.

सायकल आणि धावणे याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. सपाट प्रदेशातला समोरचा वारा घाटाइतकाच दमवतो, आणि सायकलवरून उतरल्यावर पहिले दोन किलोमीटर पाय आपले वाटत नाहीत, हे कोणताही ट्रायथलॉनपटू सांगेल. माझ्या मनात राहिली ती कयाक, आणि तिच्यामागे उभी असलेली व्यवस्था.

समुद्रसपाटीच्या खाली बराच भूभाग असलेल्या आणि घराघरामागे कालवा असलेल्या या देशात पोहणे हा खेळ असण्याआधी जिवंत राहण्याचा उपाय आहे. इथली मुले पोहण्याची ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ अशी प्रमाणपत्रे मिळवतात. त्यांची परीक्षा मी पाहिली आहे. पाच-सहा वर्षांची मुले सदरा, विजार आणि बूट घालून रांगेत उभी असतात, एकेक जण पाण्यात उतरतो, कपडे भिजून जड झालेले असताना तरंगून दाखवतो, आणि पुढच्या टप्प्यात पाण्यात टांगलेल्या ताडपत्रीच्या भोकातून बुडी मारून पलीकडे निघतो. कालव्यात पडणारे मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

इथले सगळेच आलबेल आहे असे मात्र मी लिहिणार नाही. शाळांमधून पोहण्याचे धडे देण्याची सक्ती १९८५ साली उठली, आता बहुतेक पालक शुल्क स्वतः भरतात, कित्येक ठिकाणी प्रतीक्षायादी लांब असते. बाहेरून आलेल्या स्थलांतरितांत बुडून मरण्याचे प्रमाण मूळच्या डच लोकांपेक्षा कितीतरी जास्त आहे. प्रौढांच्या ज्या वर्गात मी पोहायला शिकलो, तिथे सीरिया, मोरोक्को आणि भारतातून आलेली माणसेच अधिक होती, आणि छातीइतक्या पाण्यात कठडा घट्ट धरून उभे राहण्याची आम्हा सगळ्यांची रीत एकच होती.

मी रावेर तालुक्यातला. माझ्या वडिलांच्या पिढीला पोहता येत होते, कारण ती विहिरीत शिकली. पाठीला रिकामा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधायचा, कमरेला दोर, दोराचे दुसरे टोक काठावरच्या काकांच्या किंवा थोरल्या भावाच्या हातात. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात तेव्हा विहिरींना हाताशी पाणी असे. पुढे उपसा वाढला, पाणी खोल गेले, विहिरी कोरड्या पडल्या आणि त्यांच्या जागी सहा-आठ इंची तोंडाच्या बोअरवेल आल्या. भूजलाच्या या घसरणीवर आपण बरेच बोलतो, पण विहिरींबरोबर मुलांना पोहायला शिकवणारी गावची शाळाच बंद झाली, हे कुणी बोलत नाही. माझ्या वयाच्या मुलांच्या वाट्याला तो दोर आला नाही.

त्याच काळात पाणी आमच्या शेतांत दुसऱ्या रूपाने परत आले. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेखाली शेततळी वाढली. शेतकऱ्याला त्यांचा आधार आहे, त्यांच्याविरुद्ध मला एक शब्दही लिहायचा नाही. पण तळ्यात पाणी टिकावे म्हणून अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरले, की उतारावर पाय ठरत नाही आणि बोटांना पकडायला काही सापडत नाही. काठ दोन हातांवर दिसत असतो आणि बाहेर पडता येत नाही. एप्रिल-मे लागला, जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसकडे गेला, की बातम्या येऊ लागतात. पोळ्याला बैल धुताना आणि गणेश विसर्जनाला त्या पुन्हा येतात. त्यांत पुष्कळदा दोन भाऊ असतात, नाहीतर मायलेक, कारण पहिल्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि पोहता दोघांनाही येत नसते. नंदुरबार जिल्ह्यात तर पाणी टाळणे शक्यच नाही. सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या पाड्यांचा रस्ताच पाण्यावरून जातो, आणि २०१९ च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात भूषा येथे नर्मदेत बोट उलटली तेव्हा बुडालेल्यांत लहान मुले होती.

अशा प्रत्येक घटनेनंतर गावाकडे जी चर्चा होते ती मनाईपाशी थांबते. धरणावर ‘येथे पोहण्यास सक्त मनाई आहे’ असा फलक लागतो, तळ्यांना कुंपण घाला अशी मागणी होते, मुलांना पाण्याकडे फिरकू देऊ नका असे पालकांना बजावले जाते. कुंपण हवेच. तळ्याच्या चारही कोपऱ्यांवर गाठी मारलेले दोर सोडून ठेवणे आणि एक हवा भरलेली ट्यूब काठावर असणे तर आजच्या आज, कुणाच्याही परवानगीशिवाय होण्यासारखे आहे. पण उन्हाळ्याच्या सुटीत, भर दुपारी, पाणी समोर असताना मूल पाण्यात जाणारच. त्याला थोपवणारा फलक आजवर कुठे निघालेला नाही.

यावर मला हमखास मिळणारे उत्तर असे, की अरे भो, इथे प्यायला आठ-आठ दिवसांनी पाणी येते आणि तू पोहण्याचे तलाव मागतोस. हा आक्षेप मला मनापासून समजतो, कारण हंडे भरून ठेवलेल्या घरात मी वाढलो. तरी थोडे गणित करून पाहावे. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावाला सुमारे ४ लाख ७० हजार लिटर पाणी लागते. ३० बाय ३० मीटरच्या, ३ मीटर खोल शेततळ्यात, बाजूंचा उतार वजा धरूनही, वीस लाख लिटरच्या आसपास पाणी मावते. म्हणजे एका शेततळ्याच्या साधारण पाव हिश्श्यात तालुक्याचा तलाव भरतो, आणि ते पाणी गाळून, जंतुनाशक घालून पुन्हापुन्हा वापरता येते. भर घालावी लागते ती मुख्यतः बाष्पीभवनाने आणि गाळणयंत्र धुण्यात गेलेल्या पाण्याची. तलाव बांधण्यापेक्षा तो चालू ठेवणे अवघड असते हेही खरे आहे. उद्घाटनाची कोनशिला शाबूत आणि तळाशी पालापाचोळा साचलेला, असे पालिकेचे तलाव आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. म्हणून मागणी नुसत्या बांधकामाची न ठेवता गाळणयंत्र, वीज आणि प्रशिक्षक यांच्या दरवर्षीच्या तरतुदीची असली पाहिजे.

रस्त्यांच्या बाबतीत आमच्याकडची चर्चा पुष्कळ पुढे गेलेली आहे, आणि त्याचे श्रेय जळगावकरांना द्यायला हवे. पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३, हा राष्ट्रीय महामार्ग शहराच्या मधून जातो, आणि त्याच्यावर रोज माणसे मरत असताना समांतर रस्त्यांसाठी लोकांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. युरोपातले सायकलमार्ग पाहून भारावलेल्या आपल्या पर्यटकांना मी नेहमी सांगतो, की हे इथे पूर्वापार नव्हते. १९७१ साली या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ असे थेट नाव घेऊन पालक रस्त्यावर उतरले, १९७३ च्या तेलसंकटाने मोटारींचा विचार पुन्हा करायला लावले, आणि मग हळूहळू वेगळे सायकलमार्ग झाले. आज शाळेतली मुले सायकल चालवण्याची परीक्षा खऱ्या रस्त्यावर देतात. आमच्याकडे मानव विकास कार्यक्रमातून मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण त्या सायकली ज्या रस्त्यावरून जातात त्याच्या कडेची साइडपट्टी ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्यांनी खाल्लेली असते. जळगावच्या समांतर रस्त्यांच्या मागणीत सायकलसाठी वेगळी पट्टी हवी, हे वाक्य ठळकपणे यायला हवे होते. अजूनही येऊ शकते.

आणि धावण्याची गोष्ट तर आमच्याकडे रोजच घडते आहे. पहाटे चारला चोपडा, यावल, शहाद्याच्या रस्त्यांवर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी सोळाशे आणि आठशे मीटरचा सराव करत असतात, अंधारात, डांबरावर, वाहनांच्या दिव्यांपुढून. खानदेशातले खरे धावपटू तेच आहेत, त्यांचा सत्कार कुणी करत नाही, आणि तालुक्याला मातीचा एक धड ट्रॅक आणि चार दिवे एवढेच त्यांचे मागणे आहे.

म्हणून आयर्नमॅन पूर्ण करणाऱ्या आमच्या डॉक्टर आणि अधिकारी मित्रांना माझी विनंती आहे, की सत्काराच्या व्यासपीठावर माइक हातात आला म्हणजे त्यांनी स्वतःच्या सरावाबरोबर तालुक्याच्या तलावाविषयी बोलावे. त्यांचे बोलणे जिल्हा नियोजन समितीत ऐकले जाते, भरतीच्या पोरांचे ऐकले जात नाही. त्या मागणीत मुलींसाठी वेगळी वेळ आणि महिला प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून असाव्यात. विहिरीच्या काळातही पोहणे बहुतेक मुलांच्याच वाट्याला आले, आणि नदीवर धुणे धुताना पाय घसरलेल्या बाईला वाचवायला गेलेल्या दुसऱ्या बाईलाही पोहता येत नसते. शिकवणारे शोधायला पुण्या-मुंबईला जाण्याची गरज नाही. तापीच्या काठावर भोई आणि कोळी समाजात पट्टीचे पोहणारे आजही आहेत. कुणी बुडाले की पोलीस त्यांनाच बोलावतात, ते तासन् तास गाळात बुड्या मारून मृतदेह वर काढतात, आणि पुष्कळदा त्याचा मोबदलाही त्यांच्या हाती पडत नाही. त्यांना जीवरक्षकाचे रीतसर प्रशिक्षण द्यावे, मानधनावर शाळांशी जोडावे आणि चौथीतल्या मुलांपासून सुरुवात करावी, असा प्रस्ताव जिल्हा वार्षिक योजनेत जाऊ शकतो. गावाच्या गटावर त्याचा मसुदा मी टाकला आहे, आणि शिक्षक असलेल्या दोघा वर्गमित्रांनी आपापल्या शाळेतल्या मुलांची यादी करायला घेतली आहे.