विकणारा येडा नसते भाऊ

आज वरुडला टपरीवर पुतण्यानं डोकं फिरवलं. मोबाईल दाखवत म्हणे, "काका, हे मेलानॉक्सवाले येडेच होते पाहा. सात अब्ज डॉलरले कंपनी एआयच्या चिपवाल्या एनव्हिडियाले देऊन टाकली, अन् आता एनव्हिडिया नेटवर्किंगमधून, म्हणजे कम्प्युटर जोडायच्या सामानातून, तीन महिन्यांत तेवढी विक्री करते." सगळे हसले. मला नाही आलं हसू.

असंच हसणं मी आमच्या ओट्यावर ऐकलंय. २०१९ चा उन्हाळा. विहिरीनं तळ दाखवला, संत्र्याची झाडं वाळायला लागली, अन् बाबांनी आंब्या बहार उक्ता, म्हणजे झाडावरच एकठोक रकमेत, व्यापाऱ्याला देऊन टाकला. फळ बोराएवढं. दोन लाख दहा हजार. दिवाळीनंतर व्यापाऱ्यानं साडेचार लाखाचा माल उचलला. गाव म्हणे, "बुढ्याले अक्कल नाही." अरे, जूनमध्ये टँकर कोणी लावला? त्यानंच! आमच्या हातात ते फळ गळूनच गेलं असतं.

मेलानॉक्सचंही तेच. इस्रायलातल्या योकनामची कंपनी, १९९९ ची. एयाल वाल्डमन आणि सोबत्यांनी काढलेली. मोटर दहा एचपीची अन् पाइप अर्ध्या इंचाचा, तर पाणी येईल का? हजारो कम्प्युटर जोडणारा तो पाइप हे लोक मोठा करत होते, इन्फिनिबँड नावाचा. वीस वर्षं. मधे व्होल्टेअर अन् इझेडचिप या कंपन्या घेतल्या, एका फंडानं नफ्यासाठी मानगूटही धरलं. मार्च २०१९ मध्ये एनव्हिडियाशी ६.९ अब्ज डॉलरांना सौदा ठरला. चीनची मंजुरी येता येता एप्रिल २०२० उजाडलं. एआयची लाट आणणारं चॅटजीपीटी आलं २०२२ च्या शेवटी! तेव्हा कोणाले दिसत होतं? बरं, एनव्हिडियाच्या जेन्सन हुआंगले दिसलं असेल, मान्य. पण एआय चालवणाऱ्या चिपा, जीपीयू, त्याच्याकडे होत्या. टँकर त्याचा होता.

पोरगा वाईट नाही. लिहिता लिहिता त्याच्यावरचा राग भलतीकडेच चाललाय.

मेलानॉक्ससाठी इंटेलनंही बोली लावली होती, असं तेव्हा छापून आलं होतं. आमच्या ओट्यावर एकच जण. बाबांनी दुसऱ्या व्यापाऱ्याला फोन लावला, तर तो म्हणे, "त्यानं पाहिलेला बगीचा हाय तो, मी नाही येत." एवढंच. इसाराचे वीस हजार बाबांनी दोनदा मोजले अन् न जेवता झोपले. गावाला हे ठाऊक नाही, अन् अकलेच्या गोष्टी करते.

आता पोस्ट लिहितोय तर बाबा ओट्यावरून विचारतात, "यंदा कोणी पाहून गेलं का बगीचा?"

गेला बाबा. तोच.